दीड फुटाची अक्षरं

“‘नाही’ लिवा काका, अन् मोकळे व्हा,” बंटी म्हणाला. “अठ्ठावीस वर्षं होऊन राहिले. ते कागद आतापर्यंत उंदरांनी खाल्ले असतीन.”

“अन् उंदरानं नेमका माह्याच कागद सोडला असला तं?” भैय्याजींनी विचारलं.

बंटी चहात बिस्कीट बुडवत बसला. नूपुर लॅपटॉप मांडीवर घेऊन बापाच्या तोंडाकडे बघत होती. पडद्यावर चौदा नंबरचा रकाना उघडा होता: आपणास कधी अटक, दंड किंवा न्यायालयाकडून शिक्षा झाली आहे काय? असल्यास तपशील द्यावा.

भैय्याजी मौंदेकर महाल नावाच्या जुन्या वस्तीत कूलर दुरुस्त करतात. नागपूरच्या उन्हाळ्यात या माणसाला नगरसेवकापेक्षा जास्त मान असतो, आणि पावसाळा लागला की कोणी ओळखही दाखवत नाही. नावात ‘जी’ आहे तो मानाचा नाही, जन्मापासूनचा आहे. आजोबांचं नाव जसंच्या तसं ठेवलं, त्यामुळे शाळेत छडी मारणारे मास्तरसुद्धा “भैय्याजी, हात पुढे करा” असं म्हणायचे. वय आता पन्नास. गच्चीवर, खिडकीबाहेर, लोखंडी शिडीवर चढून चढून गुडघे बोलायला लागलेत. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं होतं, की कूलर आता दुसऱ्यांना उचलू द्या.

आणि त्याच महिन्यात बंटी आला. विमानतळाच्या कुंपणाआत विमानं दुरुस्त करायचा मोठा हँगर आहे. तिथल्या कूलरांचं कंत्राट बंटीच्या मालकानं घेतलं होतं. एकेक कूलर खोलीएवढा, आणि सगळे जमिनीवर. शिडी नाही, गच्ची नाही. वर्षाचे बारा महिने पगार, गळ्यात फोटोचा पास. बंटी सुपरवायझर होता आणि त्याला कूलरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून त्याला भैय्याजी हवे होते. अडचण एकच होती. पास मिळायच्या आधी पोलीस माणसाची सारी कुंडली काढतात.

“‘होय’ लिव,” भैय्याजी नूपुरला म्हणाले.

“बाबा, विचार करा.”

“केला. ‘होय’ लिव. अन् तपशीलपन लिव सारा.”

एवढ्यात आतून सरिता आली. तिच्या हातात लॅमिनेशन केलेलं एक कात्रण होतं. वर्तमानपत्रातला काळापांढरा फोटो, आता पिवळा पडलेला. एरवी ते देवघराच्या बाजूला खिळ्यावर टांगलेलं असे. “हे बी जोडा,” ती म्हणाली. “त्याईले कळू द्या, माह्या नवऱ्यानं चोरी नाही केली म्हनून.”

फोटोत एक बडग्या होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावाची इडापिडा घेऊन जाणाऱ्या मारबतीची मिरवणूक निघते, तेव्हा मोहल्ल्यामोहल्ल्यातून गवताचे आणि कागदाचे बडगे निघतात. वर्षभर ज्यानं लोकांना छळलं, त्याचा पुतळा करायचा, गावभर मिरवायचा आणि संध्याकाळी जाळून टाकायचा. सत्त्याण्णव साली भैय्याजींच्या मंडळाच्या पोरांनी थेट ठाण्यातल्या साहेबाचाच बडग्या केला होता. पोट दोन माणसांच्या कवेत न मावणारं, आणि पोटावर दीड दीड फुटाच्या अक्षरांत लिहिलेलं: ‘ठाणेदारसाहेबाची भूक घेऊन जा गे मारबत!’

अक्षरं इतकी सुंदर होती, की छायाचित्रकारानं गर्दीतून नेमका तोच बडग्या टिपला. दुसऱ्या दिवशी तो फोटो छापून आला आणि अख्ख्या शहरानं साहेबांची भूक वाचली. तिसऱ्या दिवशी पाच पोरं ठाण्यात होती.

“लिवनारा कोन?” साहेबांनी विचारलं होतं. बाविशीतल्या भैय्याजींनी हात वर केला. “नाव?” “भैय्याजी.” “भैय्याजी काय रे! स्वतःच स्वतःला जी म्हणतो?” ह्या ‘जी’पायी दोन थापडा जास्तीच्या पडल्या. बाकीच्या चौघांना सोडलं. रस्त्यावर गैरवर्तन आणि हुकूम मोडणं, असा खटला झाला. वकील म्हणाला, कबूल करून टाक, आजच्या आज सुटशील. भैय्याजींनी कबूल केलं. दोनशे रुपये दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. ही कैद त्यांनी कोर्टातल्या मागच्या बाकावर बसून भोगली. दुपारी तीनला त्यांना झोप लागली. साडेपाचला शिपायानं हलवून उठवलं आणि सांगितलं, “ऊठ बाबा, तुह्यी शिक्षा संपली.”

ही गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती, की नूपुरनं न विचारताच टाइप करायला घेतलं.

पण भैय्याजींनी एक गोष्ट घरात कधीच सांगितली नव्हती. त्या खटल्यानंतर चार महिन्यांनी त्यांना संरक्षण खात्याच्या कारखान्यातून बोलावणं आलं होतं. फिटरची सरकारी नोकरी. तिथेही असाच फॉर्म होता आणि असाच रकाना. तोच वकील म्हणाला होता, दोनशे रुपयांचा दंड म्हणजे काही गुन्हा नाही, ‘नाही’ लिही. त्यांनी ‘नाही’ लिहिलं. पोलिसांचा अहवाल आला ‘होय’. नोकरी गेली आणि हातात एक ओळ आली: अर्जदाराने माहिती लपविली. भैय्याजींनी घरीदारी सांगितलं, की आपण डोळ्याच्या तपासणीत नापास झालो. मग काकांच्या दुकानात कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बांधायला बसले ते बसलेच.

म्हणून ह्या वेळी ‘होय’. बंटीनं कपाळाला हात लावला आणि दुसरं बिस्कीट घेतलं.

*

तीन आठवड्यांनी बोलावणं आलं. सुरक्षा अधिकाऱ्याचं नाव श्वेता ठवरे. नूपुरपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. टेबलावर भैय्याजींचा फॉर्म, पोलिसांचा कागद आणि ते लॅमिनेशन केलेलं कात्रण. भैय्याजी इस्त्रीचा शर्ट घालून, गुडघे जुळवून बसले.

“पोलिसांचा रिपोर्ट आणि तुमचा फॉर्म जुळतो,” मॅडम म्हणाल्या. “असं फार कमी वेळा होतं. लोक ‘नाही’ लिहितात आणि मग आम्हाला सापडतं.”

“मले माहीत आहे जी,” भैय्याजी म्हणाले. त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी टेबलावरचं पाणी न विचारता पिऊन टाकलं.

“आता हीच हकीकत तुमच्या हातानं अर्धं पान लिहून द्या. नियम आहे.”

भैय्याजी लिहू लागले. दहा मिनिटांत घामाघूम झाले. त्यांचं अक्षर म्हणजे पाणी शिंपडल्यावर पांगलेल्या मुंग्या. ओळ डावीकडे सुरू व्हायची आणि उजवीकडे पोचेपर्यंत खालच्या ओळीला भेटायची. मॅडमनी कागद घेतला, वाचला, मग कात्रण उचललं. पुन्हा कागद. पुन्हा कात्रण.

“हे बडग्यावरचं तुम्ही लिहिलं?”

“हो जी.”

मॅडमनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि मार्कर पुढे केला. “‘ठाणेदार’ लिहा. मोठ्या अक्षरात.”

भैय्याजींनी लिहिलं. ‘ठ’ वांग्यासारखा झाला आणि देठही विसरला नाही. मॅडमना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर हात धरला. भैय्याजीही हसले, कारण दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नाही. मग मॅडमचं हसू थांबलं.

“भैय्याजी, तुम्ही न केलेला गुन्हा कबूल केलात.”

“मी बडग्याच्या पायात गवत भरलं होतं,” भैय्याजी म्हणाले. “दोन्ही पायात.”

“लिहिलं कोणी?”

भैय्याजींनी मार्करला टोपण लावलं.

“हे बघा, मला तुमच्या बडग्याशी काही करायचं नाही. एवढ्या जुन्या, दोनशे रुपयांच्या दंडानं पास अडत नाही. मला एकच बघायचं असतं. आत येणारा माणूस खरं सांगतो का. उद्या हँगरमध्ये कोणी एक नट ढिला सोडला, आणि तो तुमचा दोस्त निघाला, तर? तेव्हाही हात वर कराल? मी केलं म्हणाल? त्या विमानात दीडशे माणसं बसणार आहेत.”

अठ्ठावीस वर्षं भैय्याजींना वाटत आलं होतं, की आयुष्यात आपण एक तरी काम झकास केलं आहे. त्याच्याकडे असंही बघता येतं, हे त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

“सोमवारपर्यंत वेळ देते,” मॅडम म्हणाल्या. “त्या माणसाचं लेखी आणा. नाहीतर मला शेरा लिहावा लागेल, की अर्जदार माहिती लपवतो.”

तीच ओळ. भैय्याजी उठले, नमस्कार केला, आणि दाराशी जाऊन कात्रणासाठी परत आले. मॅडम म्हणाल्या, ते राहू द्या इथेच.

*

“सरिता, वं, बस इथं,” भैय्याजी घरी येऊन म्हणाले. “ते अक्षर माह्यं नाही.”

“कोनतं?”

“बडग्यावरचं.”

सरिता बसली. तिच्या लग्नाची गोष्ट अशी, की भैय्याजींचं स्थळ आलं तेव्हा तिच्या घरात सगळे नाही म्हणत होते. कूलरवाला, सावळा, वर कोर्टाचा शिक्का. पण तिच्या वडिलांनी ते कात्रण पाहिलं आणि म्हणाले, ठाणेदाराच्या पोटावर लिहिणारा पोरगा बायकोला उपाशी ठेवणार नाही. त्या एका ओळीवर लग्न झालं होतं.

“म्हंजे माह्या बापाले तुम्ही फसवलं,” ती म्हणाली.

“मी कुठं? तुह्या बापानं कात्रन पाहिलं अन् आपल्याच मनानं ठरवलं.”

“मले समजायलेच पाहिजे होतं. लग्नाआधी तुमची चिठ्ठी आली होती, ती मी मांडव-बिछायतवाल्याचं बिल समजून बाबांजवळ देली होती.” ती हसत सुटली, इतकी की डोळ्यांत पाणी आलं. मग पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, “अंकुशभाऊजी ना?”

भैय्याजींनी मान हलवली. अंकुश पराते, त्यांचा लंगोटीयार, शाळेत चित्रकलेचे मास्तर. दर दसऱ्याला येऊन दुकानाची पाटी रंगवून देणारा. अख्ख्या महालात तसं अक्षर दुसऱ्या कोणाचं नव्हतं. खरं तर ठाणेदारानं जरा डोकं चालवलं असतं, तर चार दुकानांच्या पाट्या वाचून त्याला चोर सापडला असता.

“पुढच्या हप्त्यात त्याची मास्तरकीची मुलाखत होती,” भैय्याजी म्हणाले. “घरी बाप नाही. त्याची माय पार्वतीबाई दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटे. मले काय, माह्यापाशी जायसारखं काहीच नव्हतं. मंग मीच केला हात वर.”

“मंग आता सांगा नं त्याईले. एक कागद तं लिवून द्यायचा आहे. काहून भेऊन राहिले?”

मग मात्र भैय्याजींना दुसरी गोष्टही सांगावी लागली. कारखाना, ‘नाही’, ती ओळ. डोळे कधी नापास झालेच नव्हते.

सरिता आता हसली नाही. ती मेथीची जुडी पुढे ओढून पानं खुडायला लागली. “म्हनून,” ती म्हणाली, “भाऊजी आले की तुम्ही चष्मा शोधत पळता.”

तसंच होतं. डोळ्याची बातमी ऐकून अंकुश दुसऱ्याच दिवशी त्यांना सीताबर्डीला घेऊन गेला होता आणि मास्तरकीच्या पहिल्या पगारातून चष्मा करून दिला होता. तपासणाऱ्यासमोर भैय्याजींनी ‘प’ला ‘ष’ म्हणून कसाबसा पाव नंबर मिळवला. त्या चष्म्यानं डोकं दुखायचं. पण अंकुशच्या समोर ते तो घालत आले.

“त्याले समजलं, की त्याच्यापायी माह्यी सरकारी नोकरी गेली, तं तो मरून जाईन,” भैय्याजी म्हणाले. “नको तो पास. मी बंटीले सांगतो, दुसरा मानूस पाय म्हनून.”

“अन् गुडघे?”

“गुडघ्याचं पाहू.”

“पाहू नाही,” सरिता म्हणाली. “उद्या रविवार आहे. तुम्ही जाऊन सांगता, का मी जाऊ?”

भैय्याजींना माहीत होतं, ती गेली तर सांगेल, आणि वर चिठ्ठीची गोष्टही सांगेल.

*

अंकुश परातेसर गच्चीवर ऊन अंगावर घेत बक्षीस समारंभाच्या प्रमाणपत्रांवर मुलांची नावं लिहीत होते. पांढरेशुभ्र कागद आणि त्यावर काळीभोर नावं, एकही रेघ इकडची तिकडे नाही. भैय्याजी शेजारी चटईवर बसले. गुडघा कटकन वाजला.

“चष्मा कुठे आहे बे?” अंकुशनं मान वर न करता विचारलं.

“घरी राहिला.”

“मग हे वाचून दाखवू का? काजल हेडाऊ, रांगोळी, प्रथम. किती गोड नाव आहे ना लिहायला. ‘ळ’ असता तर आणखी मजा आली असती.”

भैय्याजींनी आधी हवेबद्दल बोलून घेतलं, मग संत्र्याच्या भावाबद्दल, मग बंटीच्या बिस्किटांबद्दल. पासचं आलं तेव्हा अंकुशनं लेखणी खाली ठेवली. मॅडमनी काय मागितलं ते ऐकून तो उठलाच.

“चल! आत्ता लिहून देतो. एवढंच ना? अन् तू कालपासून घेऊन बसला? मी तर म्हणतो बरं झालं. अठ्ठावीस वर्षं माझ्या अक्षरावर तू मान खाल्ला बे. तुझं लग्नही माझ्याच अक्षरावर झालं.”

“बस,” भैय्याजी म्हणाले. “आनखी आहे.”

आणि त्यांनी सांगून टाकलं. मध्ये थांबले असते तर पुढे बोलवलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

अंकुश उभाच होता. “डोळे?” त्यानं विचारलं.

“चांगले आहेत.”

“तेव्हापन?” मास्तर झाल्यापासून अंकुश ‘पण’ म्हणायचा. आज जुनं ‘पन’ तोंडून सुटलं.

“तेव्हापन. आता खरा नंबर आला आहे, चाळिशीचा. तो चष्मा दुसरा आहे.”

“मी तुले सिनेमात पहिल्या रांगेत बसवलं बे!” अंकुश ओरडला. “प्रत्येक वेळी! तुले दिसावं म्हणून मी मान वाकडी करून पिक्चर पाहिले!”

“माह्यीपन वाकडी होई,” भैय्याजी म्हणाले.

दोघं हसू लागले. खाली रस्त्यावरचा भाजीवाला वर बघायला लागला. मग हसता हसता अंकुश चटईवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला. भैय्याजींनी आधी प्रमाणपत्रं बाजूला सरकवली, ओली होऊ नयेत म्हणून.

“तू मले सांगायला पाहिजे होतं,” अंकुश म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग होता. “तेव्हाच. मी त्या कारखान्यात जाऊन सांगितलं असतं, अक्षर माझं आहे.”

“अन् तुह्यी मास्तरकी गेली असती.”

“गेली असती तर गेली असती! ते मी ठरवलं असतं ना, गा! तू मले ठरवूच दिलं नाही. माझ्या वाट्याचं तूच ठरवलं, तूच भोगलं, अन् मले दर दसऱ्याला पाटी रंगवायला लावली. काय म्हणून रंगवत होतो मी? दोस्तीखातर! मले माहीत असतं, तर मी अख्खं घर रंगवून दिलं असतं.”

भैय्याजींनी ह्याचा कधी विचार केला नव्हता. उपकार केला तेवढा त्यांना आठवत होता. त्यात आपण समोरच्याकडून काही काढूनही घेतलं, हे आत्ता, पन्नासाव्या वर्षी, एका गच्चीवर समजत होतं. त्यांना फार वाईट वाटलं आणि त्यांनी तसं सांगितलं. “चुकलं माह्यं,” ते म्हणाले.

अंकुशनं नाक पुसलं. “किती वाजता जायचं उद्या?”

*

सोमवारी अंकुश स्कूटरवर आला तो खांद्याला पिशवी लावून. पिशवीत डबा होता.

“डबा कायले?” भैय्याजींनी विचारलं.

“तुले कोर्ट उठेपर्यंत बसवलं होतं ना. मले किती वेळ बसवतील काय माहीत. हेडमास्तरांना रजेचा अर्ज देऊन आलो. कारण लिहिलं, जुना गुन्हा कबूल करणे.”

“असं लिवलं?”

“मग काय, ताप आहे लिहू? आता पुरे झालं ते.”

मॅडमच्या टेबलाशी बसून अंकुशनं निवेदन लिहिलं. पंधरा मिनिटं लागली, कारण त्यानं समास आखून घेतला. मॅडमनी कागद कात्रणाशेजारी ठेवला. ‘ठ’ तोच होता, फक्त लहान झालेला. पोटाशी तीच गोलाई, वर तीच दिमाखात वळलेली शेंडी.

“काय सुंदर अक्षर आहे हो सर,” मॅडमच्या तोंडून निघून गेलं. मग त्यांनी आवाज सरळ केला. “तुमच्यावर काही होणार नाही. ती केस तेव्हाच संपली. हा कागद फक्त ह्यांच्या फाइलमध्ये राहील.”

“काहीच नाही?” अंकुशनं विचारलं. त्याचा चेहरा जरा उतरला. “दंड वगैरे?”

“नाही सर.”

अंकुशनं डब्याच्या पिशवीकडे पाहिलं. मॅडम भैय्याजींकडे वळल्या. “त्या दिवशी एक प्रश्न विचारला होता. उद्या आत दोस्तानं चूक केली, तर?”

“सांगीन जी,” भैय्याजी म्हणाले. “आधी त्याले म्हनीन, की तू सोताहून सांग. नाही सांगितलं तं मी सांगीन. झाकनार नाही. झाकल्यानं दोस्ताचंच नुकसान होते. मले वाटत होतं, माह्यंच झालं.”

मॅडमनी लिहून घेतलं. “पास वरून येतो,” त्या म्हणाल्या. “मी फक्त शेरा पाठवते. चांगला पाठवते.”

बाहेर आल्यावर दोघांनी कडुनिंबाच्या सावलीत बसून डबा संपवला. पोळीत गुंडाळलेली झुणक्याची वडी होती आणि हिरवी मिरची. भैय्याजी म्हणाले, शिक्षा चांगली आहे.

*

पास यायला पाच आठवडे लागले. तोवर होळी झाली, ऊन तापलं, आणि शहरात घरोघरी माळ्यावरून कूलर उतरायला लागले. दुकानात माणसं येऊन उभी राहायची आणि भैय्याजी त्यांना सांगायचे, की पास आला की मी नाही. कोणी विश्वास ठेवत नव्हतं. नूपुरनं एक दिवस फोनवर वाचून दाखवलं, मंजूर, सतरा तारखेपासून. सरितानं आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग खिळ्यावरच्या मोकळ्या जागेकडे पाहून म्हणाली, “ते कात्रन काही त्याईनं परत देलं नाही.”

सतरा तारखेला सकाळी अंकुश स्कूटर घेऊन हजर. बंटीची गाडी येणार होती, पण अंकुश ऐकेना. वर्धा रोडनं जाताना त्यानं तीनदा विचारलं, पास घेतला ना, आणि भैय्याजींनी तीनदा छातीवर हात ठेवून पाहिलं. पासावरच्या फोटोत ते घाबरलेले दिसत होते. चष्मा नव्हता.

गेटवर जवानानं पास घेतला, यंत्राला दाखवला. हिरवा दिवा लागला. मग त्यानं अंकुशकडे हात केला. “आपका?”

“माझा नाही,” अंकुश म्हणाला. “मी सोडायला आलो.”

“तो उधर, पीली लाइन के पीछे.”

अंकुशनं मुकाट्यानं स्कूटर मागे घेतली. भैय्याजी फिरत्या दाराच्या दांड्यातून आत गेले. गुडघा अडखळला, पण गेले. आत उन्हात हँगरचं पांढरं छत दिसत होतं आणि त्याच्या सावलीत एका विमानाचं शेपूट, त्यावर भलीमोठी अक्षरं. भैय्याजींनी ती वाचली. मग अंकुशला दाखवावं म्हणून ते वळले.

अंकुशला तिथून ते दिसणं शक्य नव्हतं. स्कूटर स्टँडवर लावून तो पिवळ्या रेषेच्या मागे उभा होता. दोन्ही पाय जुळवलेले, हात सरळ, शाळेत प्रार्थनेला उभा राहतो तसा. सव्वासात वाजून गेले होते. त्याच्या शाळेची घंटा केव्हाच झाली होती, आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच परातेसरांना उशीर होत होता. भैय्याजींनी त्याला हातानं जा जा म्हणून खुणावलं. तो हलला नाही.